बोनाफाइड नसलेल्या पोरीचं वाचनालय

माझी पोरगी दहा वर्षांची. शाळेत जात नाही, घरीच शिकते. तिला वाचनालयाच्या बालविभागाचं सभासद करायला गेले, तर खिडकीतून पहिला प्रश्न आला, "शाळेचं बोनाफाइड?" शाळाच नाही म्हटल्यावर अर्ज परत. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात दोन चकरा फुकट गेल्या, तेव्हा अक्कल आली. तुम्ही सभासदत्व सरळ स्वतःच्या नावावर घ्या. आधार अन् लाइट बिल सोबत न्या, एका वेळी दोन-तीन पुस्तकं मिळतील अशी वर्गणी भरा. अनामतीची पावती जपा. सोडताना तीच मागतात.

वाचनालय कोणतं घ्यावं? पाटी वाचा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्गात साठा मोठा असतो. पण मी साठ्यापेक्षा चालत जाता येतं का, हे आधी बघते. लांबचं वाचनालय पोरं दोन महिन्यांत सोडतात.

वेळ सांभाळा. सकाळी पेपर वाचणारे आजोबा, दिवसभर अभ्यासिकेत एमपीएससीची पोरं. त्यांच्यात आठ-दहा वर्षांचं लेकरू कुजबुजलं तरी माना वळतात. पेपरवाली मंडळी पांगली की वाचनालयाच्या दुपारच्या सुट्टीआधी जो तासभर मिळतो, तो आपला. शाळेतल्या पोरांना तो कधीच मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट. "पक्ष्यांवर काही आहे का" असं मोघम विचारायला जाऊ नका. लेकराचा एकच प्रश्न घेऊन जा अन् तो त्यालाच विचारू द्या. आमच्या अंगणातल्या उंबरावर भर दुपारी कोणीतरी तांब्याच्या भांड्यावर ठोकल्यासारखं टुक-टुक करत होतं. हिनं देवघेवीच्या टेबलाशी जाऊन तोच आवाज काढून दाखवला. काका चष्मा वर करून हसले, "तांबट आहे ना बेटा तो!" अन् कपाटाकडे घेऊन गेले. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला ५९८ हा आकडा दाखवला. दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, ५०० म्हणजे विज्ञान, त्यातले ५९८ म्हणजे पक्षी. हिनं वहीत लिहून घेतलं. पुढच्या खेपेला काकांना न विचारता ५२० वर पोचली, म्हणजे ग्रह-ताऱ्यांवर. त्या दिवशी मी तिला काहीच शिकवलं नव्हतं.

तांबट वाळलेल्या फांदीत स्वतः चोचीनं ढोली कोरतो, हे पुस्तकात मिळालं. मग आठवडाभर ती ढोली शोधण्यात गेला. भाषा, विज्ञान अन् चित्रकला तिन्ही त्यातच झाली. गणित मात्र नाही झालं, खोटं कशाला बोलू!

संदर्भ विभागातली पुस्तकं घरी देत नाहीत. तिथं वही-पेन्सिल घेऊन बसवा, पानांचे फोटो काढत बसू नका. फोटो फोनमध्येच पडून राहतात.

वाचनालयात क्रमिक पुस्तकं कमीच सापडतील. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, अन् १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही वाचायला मिळतात. "दहावीचं काय?" हा प्रश्न नातेवाईक विचारणारच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं, एवढं सांगा अन् चहा ठेवा.

पुस्तकाला डाग पडला तर लपवू नका. आमच्याकडून एकदा आमरस सांडला होता. हिला स्वतःच काकांना सांगायला लावलं. त्यांनी पान पुसून पाहिलं, अन् पुढचं पुस्तक देताना विचारलं, "आंबा संपला ना?"