भंगारातून घरासाठी दिवा: कामाला हात घालण्यापूर्वीची तयारी

कारखान्याच्या भंगारातला एखादा गिअर किंवा जाळीदार पत्रा कितीही नजरेत भरला, तरी तो उचलण्याआधी प्रकाश कुठे आणि कशासाठी हवा आहे हे ठरवून घ्यावे. जेवणाच्या टेबलावर टांगायचा दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण 75 ते 90 सेंटिमीटर उंचीवर येतो, त्यामुळे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बल्ब थेट येणार नाही इतकी खोल शेड त्याला लागते. जिन्यातल्या दिव्याची गरज अर्थातच वेगळी.

त्यानंतर वस्तूचा पूर्वेतिहास विचारावा, आणि माझ्या मते साऱ्या तयारीत याहून महत्त्वाचे काही नाही. तेलाचे किंवा रसायनाचे पिंप रिकामे दिसले तरी आत उरलेल्या वाफांचा कटरच्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून त्यात पूर्वी काय होते हे खात्रीने कळत नसेल तर ते घेऊच नये. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. असा रंग कोरडा घासल्यास त्याची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांना ती फार घातक ठरते, तेव्हा शंका असलेली वस्तू कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपला वेल्डिंग करू नये, कारण त्या धुराने थंडी वाजून ताप येतो. असे पाइप आट्यांनीच जोडावेत.

होल्डर, वायर आणि स्विच मात्र नवेच आणावेत. वायर जिथून बाहेर पडते त्या छिद्राची धार कानशीने घासून तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कापली जाऊ नये म्हणून छिद्राच्या कडेला बसवायचे कडे, बसवावे आणि दिव्याचे वजन वायरवर न येता साखळीवर किंवा सळईवर येईल अशी सोय करावी. टांगत्या दिव्यांसाठी आयईसी 60598 या दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात दिव्याच्या चौपट वजन एक तास टांगून पाहण्याची चाचणी आहे. घरीही छताच्या हुकासह ती करून घ्यावी, कारण बिडाचा गिअर वाटतो त्याहून बराच जड भरतो.

बल्ब एलईडीच घ्यावा. 9 वॅटचा बल्ब साधारण 800 ते 900 ल्युमेन प्रकाश देतो आणि 2700 केल्विनची पिवळसर छटा गंजलेल्या लोखंडावर फार खुलते. मात्र बंद डब्यात कोंडलेल्या उष्णतेने त्याचा ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारे आतले सर्किट) लवकर निकामी होतो, म्हणून वर आणि खाली हवेसाठी छिद्रे पाडावीत. धातूच्या दिव्याला तीन तारांची केबल आणि अर्थिंग हवेच. वीज जोडण्यापूर्वी दिव्याचा सांगाडा आणि अर्थची पिन यांच्यातली सलगता, म्हणजे वीज अखंड वाहू शकते का, हे मल्टिमीटरने तपासावे आणि शेवटची जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.