दोन डोळे, दोन नंबर: मुलांचा एकेक डोळा झाकून पाहा

माझी लेक पाच वर्षांची होईपर्यंत तिच्या नजरेबद्दल कुणाला शंका आली नव्हती. अबोलीचे गजरे ओवायची, टीव्हीही लांबून बघायची. एकदा खेळताना मी तिचा उजवा डोळा झाकला, तर ती माझा हात ढकलायलाच लागली. भिंतीवरच्या कालनिर्णयातले मोठे आकडेही तिला डाव्या डोळ्याने वाचता येईनात. तपासलं तेव्हा उजव्याचा नंबर प्लस १ निघाला, डाव्याचा प्लस ४.५.

इतका फरक असला की मेंदू स्पष्ट चित्र घेतो, धूसर सोडून देतो. मग त्या डोळ्याची नजर नीट घडतच नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. मूल तक्रार करत नाही, कारण दोन्ही डोळे उघडे असताना त्याला सगळं दिसतं. प्लस नंबरात धोका जास्त. मायनसचा डोळा निदान जवळचं तरी बघत राहतो.

म्हणून शाळेत घालण्याआधी घरी एकेक डोळा झाकून पाहा. तळवा तुमचाच ठेवा, मुलं बोटांच्या फटीतून बघतात. वाचता आलं तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा न्याच. तिथे थेंब घालून नंबर काढतात, ते टाळू नका: लहान मुलं डोळ्यांवर ताण देऊन प्लस नंबर लपवतात. थेंबांनंतर उन्हात डोळे दिपतात, टोपी जवळ ठेवा.

चष्मा दिवसभर हवा, फक्त अभ्यासापुरता नाही. काही मुलांची नजर निव्वळ चष्म्याने सुधारते. आम्हाला चार महिन्यांनी पट्टी लावावी लागली, आणि ती चांगल्या डोळ्यावर, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागतं! माझ्या सासूबाईंना हे पटवायला आठवडा गेला. पट्टी चष्म्याच्या आत, थेट कातडीवर चिकटवा. काचेवर लावली तर मूल कडेने बघतं. किती तास ते डॉक्टर ठरवतात. आम्हाला रोज दोन तास सांगितले होते. पहिले दिवस रडारडीत गेले, मग तेवढ्या वेळात आम्ही गजरेच ओवायला बसू लागलो.

वयाच्या सातव्या वर्षाच्या आत उपचार सुरू झाले तर उत्तम, पण मूल त्याहून मोठं असलं तरी प्रयत्न सोडू नका. आणि नजर सुधारली म्हणून पट्टी मनाने बंद करू नका, नजर पुन्हा घसरू शकते.

लेक आता आठ वर्षांची आहे. कालनिर्णयाचं पान उलटलं की ती स्वतःच येऊन माझा तळवा उजव्या डोळ्यावर ठेवते आणि आकडे वाचते.