सागवानी फळीवर घोडेस्वार सांतियागो कोरताना

मनिलाच्या फोर्ट सांतियागोची दगडी बांधणी १५९० ते १५९३ मधली. सांतियागो म्हणजे संत याकोब. वेशीवर तोच लाकडात कोरलेला आहे, उधळलेल्या घोड्यावर तलवार उगारून, टापांखाली मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचे मुस्लिम, सैनिक. १९४५ च्या लढाईत ती वेस उद्ध्वस्त झाली, आज दिसते ती पुन्हा उभारलेली. चंद्रपूरच्या गोंडकालीन वेशींवर सिंह हत्तीला दाबतो, तशीच ही दरारा बसवायची रीत.

नमुन्याला दोन फूट उंच, दीड फूट रुंद, दोन इंच जाड सागवान पुरतं. एकच रुंद फळी घेऊ नका, आपल्याकडच्या मे महिन्यात तिच्या कडा उचलतात. सहा-सहा इंचांच्या तीन फळ्या जोडा, लाकडाच्या रेषा उभ्या. सागात तेल असतं, म्हणून कडा ताज्या रंधून थिनरने पुसा आणि लगेच फेव्हिकॉल लावा. उशीर केला तर सांधा सुटतो. क्लॅम्पमध्ये एक दिवस राहू द्या.

चित्र कार्बनने उतरवून पार्श्वभूमी सव्वा इंच खोल काढा, मागे पाऊण इंच उरेल. घोड्याची छाती आणि स्वाराचा गुडघा सगळ्यांत उंच. आधी ढोबळ उंचवटे काढा. चेहऱ्यापासून सुरुवात केली की पुढे मान बसवायला लाकूडच उरत नाही.

मोडतात ते आडवे भाग, म्हणजे घोड्याचे उचललेले पाय आणि तलवार. रेषेला आडवा बारीक तुकडा पटाशीच्या एका ठोक्यात जातो. तलवार उभीकडे झुकवा, पात्यामागे लाकूड ठेवा. पायांमागचं लाकूड अगदी शेवटी काढा.

फळी वेशीवर चढणार असेल तर मधूनमधून उंच टेकवून खालून बघा. चेहरा पुढे झुकवला नाही तर तो घोड्याच्या मानेआड जातो, आणि डोकं मापापेक्षा जरा मोठंच हवं. संत ओळखू यावा म्हणून टोपीवर किंवा झग्यावर शिंपला, निशाणावर तलवारीच्या आकाराचा तांबडा क्रूस. हुबेहूब प्रत करायची नसेल तर टापांखाली माणसं नकोत, पडलेल्या ढाली पुरेत.

शेवटी उकळलेलं जवसाचं तेल. पहिला हात टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळून, पुढचे दोन नुसत्या तेलाचे, मध्ये एकेक दिवस. प्रत्येक वेळी वीस मिनिटांनी जादा तेल पुसा. घाण्यावरचं कच्चं तेल कित्येक दिवस चिकट राहतं, त्यावर धूळ बसते. तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतो. दोरीवर सुट्या पसरून वाळवा.