एमएस आणि व्यायाम : या चुका टाळा

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेला माणूस फिरायला निघतो. पंधरा मिनिटांत नजर धूसर होते, पाय जड पडतात. घरच्यांचा निकाल तयार असतो: व्यायाम सोसत नाही, बंद कर. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

एमएसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतल्या, संदेश वाहणाऱ्या नसांवरचं आवरण झिजतं. शरीर तापलं की अशा नसांमधून संदेश आणखीच अडखळतात. श्रमानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये नोंदवलं; उष्णतेचं कारण नंतर उमगलं. एमआरआय येण्यापूर्वी तर निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवत! अंग निवलं की त्रास ओसरतो. नसांना नवी इजा झालेली नसते. मात्र नवं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं, तर न्यूरोलॉजिस्टला लगेच कळवा. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग हेही कारण असू शकतं.

तेव्हा व्यायाम सोडू नका, वेळ बदला. विदर्भातल्या मे महिन्यात संध्याकाळी सहालाही रस्ता भाजतो; पहाट बरी. मानेवर ओला पंचा, हाताशी गार पाणी, नाहीतर घरातच पंख्याखाली सायकल.

‘एमएस म्हणजे विश्रांती’ हा सल्ला जुना झाला. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रुग्णांकडून १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं व्यायाम करून घेतला होता; त्यांची ताकद आणि दमसास वाढल्याचं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. अर्थात पहिल्याच दिवशी ४० मिनिटांच्या मागे लागू नका. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून माळाही आवरला, बाजारही केला, की पुढचे दोन दिवस अंथरुणात. दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडा.

लघवी आवरत नाही म्हणून पाणी तोडणं ही आणखी एक चूक. वाटेत स्वच्छतागृह नसतं, ही अडचण खरीच. बायकांची तर फारच. पण पाणी तोडल्याने बद्धकोष्ठता आणि संसर्ग दोन्ही बळावतात. डॉक्टरांशी संकोच न करता बोला, औषधं आहेत.

आणि घरच्यांनो, ‘तू बस, मी करते’ जरा कमी म्हणा. कपडे वाळत घालणं हीसुद्धा हालचालच आहे.

पाऊल घासत असेल तर सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. फिजिओथेरपिस्टकडे जाताना जुनी झिजलेली जोडी सोबत न्या. तळ कुठे झिजलाय त्यावरून पाय कसा पडतो ते त्यांना कळतं, स्प्लिंट (पावलाला आधार देणारी पट्टी) लागेल का तेही.