जीआय पत्र्यावर लेसरचा लॅप वेल्ड फुटतोय? या चुका टाळा

जीआय पत्रे (झिंकचा थर दिलेले स्टीलचे पत्रे) एकावर एक ठेवून लेसर मारला की फटफट आवाज, स्पॅटर म्हणजे उडणारे वितळलेल्या धातूचे थेंब, वेल्डवर भोकं, आणि मग सगळे मशीनच्या मागे लागतात, पॉवर वाढव, स्पीड कमी कर, गॅस जास्त सोड. माझं सरळ म्हणणं, आधी सेटिंगला हात लावू नका, दोन पत्र्यांच्या मधे काय चाललंय ते बघा.

झिंक 907 डिग्रीला उकळतं आणि स्टील वितळायला 1500 च्या आसपास जावं लागतं. म्हणजे स्टील वितळेपर्यंत झिंकची वाफ झालेली असते. वरच्या आणि तळाच्या कोटिंगची वाफ मोकळ्या हवेत जाते, तिचा फार त्रास नाही. मधल्या दोन थरांची वाफ मात्र कोंडते आणि वाट मिळाली नाही की वितळलेलं स्टील उडवून बाहेर पडते.

त्यामुळे सगळ्यात मोठी चूक म्हणजे क्लॅम्प आवळून गॅप शून्य करणं. स्पॉट वेल्डिंगवर हात बसलेल्यांची ही सवय जात नाही, आणि तिथे ते बरोबरच आहे, कारण इलेक्ट्रोडच्या दाबाने वितळलेलं झिंक बाजूला ढकललं जातं. लेसरला तसा दाब नाही, इथे 0.1 ते 0.2 मिमी गॅप ठेवावाच लागतो. पण म्हणून जाड शिम (मधे घालायची धातूची पट्टी) टाकून मोकळे होऊ नका, 0.8 च्या पत्र्याला 0.4 गॅप दिला तर वरचा पत्रा खाली बसतो, कडेला अंडरकट म्हणजे खोलगट खाच येते, कधी नुसता वरचाच कापला जातो. आणि फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्या) घालायचा तो वेल्डच्या लाइनवर, क्लॅम्पपाशी मोजून काय उपयोग, पत्रा मधे फुगलेला असतोच.

बरेच जण गॅप राहावा म्हणून लेसरनेच एका पत्र्यावर छोटे डिंपल म्हणजे उंचवटे उठवतात, चांगली पद्धत आहे. फक्त लोड करताना पार्ट उलटा बसला की डिंपल बाहेरच्या बाजूला, मधे गॅप शून्य, आणि ऑपरेटर म्हणतो प्रोग्राम तर तोच आहे! फिक्श्चरला (पार्ट धरून ठेवणाऱ्या साच्याला) पिन देऊन टाका म्हणजे उलटा बसणारच नाही.

दुसरं, ग्राइंडर फिरवायचाच असेल तर आतल्या, म्हणजे दोन पत्रे एकमेकांवर बसतात त्या बाजूला फिरवा. वरचं झिंक घासून पत्रा चकचकीत करतात, त्याने भोकं तशीच राहतात आणि गंजापासूनचं संरक्षण गेलं ते वेगळंच.

"कालपर्यंत मस्त येत होतं, आज काय झालं" असं असेल तर कॉइलचा टॅग बघा. झेड 120 म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 120 ग्रॅम झिंक, एका बाजूला साधारण 8-9 मायक्रॉन. त्याच्या जागी झेड 275 आला की थर 19-20 मायक्रॉनवर जातो, दुपटीहून जास्त वाफ, आणि जुना गॅप पुरत नाही. हे परचेसवाले सांगत नाहीत, आपणच विचारायचं.

वरून वेल्ड गुळगुळीत दिसतोय म्हणून पास करू नका. एखादा पीस आडवा कापा, आत पोकळ्या दिसतील, किंवा छिन्नी घालून पत्रे उचकटून बघा. आणि पार्टच्या आकारामुळे गॅप कंट्रोल होतच नसेल तर लॅपचा हट्ट सोडा, डिझाइनवाल्यांशी बोलून जॉइंट कडेचा करता येतो का बघा, नाहीतर तांबं-सिलिकॉनच्या वायरने लेसर ब्रेझिंग (पत्रा न वितळवता फक्त वायर वितळवून जोडणं), गाडीच्या छताच्या जॉइंटला ते चालतंच.

धुराचं पण बघा. तो पांढरा धूर झिंक ऑक्साइडचा असतो, श्वासात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव. दूध प्या, गूळ खा हे सगळे सांगतात पण त्याने फुप्फुसात गेलेला धूर बाहेर येत नाही. सक्शनचं तोंड वेल्डजवळ आणा, आणि क्रॉसजेटची (लेन्सच्या समोरून आडवी मारलेली) हवा चालू आहे ना ते शिफ्टच्या सुरुवातीलाच बघा, नाहीतर स्पॅटर लेन्सच्या काचेवर बसतो आणि मग पॉवर कमी पडतेय म्हणून परत सेटिंग बदलायला सुरुवात.