द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात नव्याने येणाऱ्यांसाठी: मेल आणि मेसेज लिहिताना

नाशिकच्या द्राक्ष निर्यातीत डॉक्युमेंटेशनला, म्हणजे निर्यातीच्या कागदपत्रांच्या कामाला, जी नवी मुलंमुली येतात, ती बहुतेक निफाड, दिंडोरी, चांदवड या भागातली असतात. घरची बाग असते, बीकॉम किंवा बीएस्सी अ‍ॅग्री झालेलं असतं, मालाची जाण आमच्यापेक्षा जास्त असते. आणि आल्या आल्या सगळे एकच विचारतात, "ताई, माझं इंग्लिश कच्चं आहे, जमेल ना?" जमतं. या टेबलाला लागणारं इंग्लिश थोडं आहे आणि तेच तेच आहे, एका सीझनमध्ये हाताखालून जातं. नवा माणूस अडतो तो वेगळ्या ठिकाणी. मेल वाचून समोरच्याने नेमकं काय करायचं, हे लिहायला बसताना त्याचं स्वतःचंच ठरलेलं नसतं.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी आधी वही घ्यायला सांगते. मेल उघडण्यापूर्वी वहीत मराठीत एक ओळ लिहायची: हे वाचून कोणी, काय, कधीपर्यंत करायचं आहे. ती ओळ लिहिता येत नसेल तर मेल लिहायची वेळ अजून आलेली नाही. आधी साहेबांना विचारा, फाइल पुन्हा बघा, मग बसा.

एक रोजचं उदाहरण घेते. शिपिंग लाइनकडून, म्हणजे जहाज कंपनीकडून, बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर चढवलेल्या मालाचा कागद) ड्राफ्ट येतो, आपण तो तपासतो आणि न्हावा शेवा बंदरातल्या सीएचएला (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) दुरुस्त्या कळवतो. नवी मुलं बहुधा असं लिहितात: "सर, ड्राफ्ट चेक केला, काही करेक्शन आहेत, फाइल जोडली आहे, कृपया लवकरात लवकर करावे." तिकडचा माणूस एकाच वेळी कितीतरी निर्यातदारांचे कंटेनर सांभाळत असतो, बहुतेक वेळा उभ्याउभ्या, फोनवर. फाइल उघडून दुरुस्त्या शोधायला त्याला उसंत नसते. हाच मेल मी असा लिहीन: "विषय: बीएल ड्राफ्टमध्ये २ दुरुस्त्या, आज सायंकाळी ५ पर्यंत हव्यात. १) ग्रॉस वजनाच्या जागी नेट वजन आलं आहे, बरोबर आकडा पॅकिंग लिस्टप्रमाणे खाली दिला आहे. २) कन्साइनीच्या पत्त्यात पोस्टकोड राहिला आहे, तोही खाली आहे. बाकी सर्व मजकूर तपासला, बरोबर आहे. लाइनचा कट-ऑफ उद्या सकाळी असल्याने दुरुस्त ड्राफ्ट आज ५ पर्यंत मिळेल का?" (कन्साइनी म्हणजे माल ज्याच्या नावे जातो तो, कट-ऑफ म्हणजे लाइनने दिलेली शेवटची मुदत.)

यातलं "बाकी सर्व बरोबर आहे" हे वाक्य गाळू नका. त्या एका वाक्याने समोरच्याचा पुन्हा सगळं तपासायचा वेळ वाचतो, आणि तपासणीची जबाबदारी आपण घेतली हेही त्याला कळतं. शेवटी वेळेचं कारण दिलं आहे तेही मुद्दाम. कारण कळलं की माणूस तुमचं काम पुढे घेतो. नुसतं "अर्जंट" लिहून तसं होत नाही, कारण त्याच्याकडे येणारा प्रत्येक मेल अर्जंटच असतो.

आकड्यांवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण आमच्या धंद्यातले बहुतेक गैरसमज तिथेच होतात. कंटेनर नंबर ४ अक्षरं आणि ७ अंकांचा असतो, आणि शेवटचा अंक आधीच्या अक्षरांवरून आणि अंकांवरून गणिताने काढलेला पडताळणीचा अंक असतो. एखादा अंक चुकला तर सिस्टिम तो बहुधा पकडते, पण तोवर धावपळ व्हायची ती होतेच. हा नंबर फोटोत बघून टाइप करू नका, मूळ कागदावरून कॉपी करा. वजनाचंही तसंच. नेदरलँड्स आणि जर्मनीत दशांश स्वल्पविरामाने लिहितात. आपल्या पेटीचं साडेचार किलो तिकडचा माणूस ४,५ असं लिहितो, आणि त्याचं १.५०० म्हणजे दीड हजार असू शकतं. आपण लाखाला स्वल्पविराम देतो १,५०,००० असा, तोही त्यांना अडखळवतो. म्हणून आकड्यापुढे एकक कायम लिहा, आणि शंका आली तर मेलमध्येच विचारा. तारखेत महिना अक्षरांत लिहा. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, पण अमेरिकन पद्धतीने ४ मार्च. जहाजाच्या तारखेत असा गोंधळ कोणालाच परवडत नाही.

वेळेचंही एक लक्षात ठेवा. हिवाळ्यात नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक साडेतीन तासांचा होतो, तोही ऐन आपल्या सीझनमध्ये. मीटिंग ठरवताना दोन्हीकडची वेळ लिहा, "भारतात दुपारी २:३०, रॉटरडॅममध्ये सकाळी ११" अशी.

आता शेतकऱ्यांशी होणारं बोलणं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं, म्हणून नवी मुलं त्याला लिखाण समजतच नाहीत. माझ्या लेखी ते सगळ्यात जबाबदारीचं लिखाण आहे, कारण समोरच्याचं वर्षभराचं पीक त्यावर हलतं. रात्री ११ ला "उद्या काढणी" असा मेसेज गेला आणि नानांनी तो पहाटे वाचला, तर त्यांचा उद्या वेगळा. वार आणि तारीख दोन्ही लिहा: "नाना, नमस्कार. तुमच्या ३ नंबर प्लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट पास झाला. काढणी गुरुवारी, १३ फेब्रुवारीला, सकाळी ७ ला सुरू करू. टोळी आणि क्रेट आमचे. तोवर आम्हाला विचारल्याशिवाय कोणतीही फवारणी करू नका. गाडी बागेपर्यंत येईल का, ते आज संध्याकाळी ६ पर्यंत कळवा." (रेसिड्यू रिपोर्ट म्हणजे द्राक्षात फवारणीच्या औषधाचा अंश किती उरला याची तपासणी.) त्यांनी व्हॉइस नोट पाठवली तर जरूर ऐका, बऱ्याच जणांना तेच सोयीचं असतं. पण त्यातली तारीख, भाव, पेट्या लगेच लिहून परत पाठवा आणि "बरोबर ना?" असं विचारा.

भाव आणि रिजेक्शन ग्रुपवर कधीही टाकू नका. कोणाचा माल नाकारला हे गावाला कळणं हा त्या घराचा अपमान आहे. आधी फोन करा, कारण सांगा, त्यांचं ऐकून घ्या, आणि मग फक्त त्यांनाच लेखी पाठवा.

वाईट बातमी लिहिणं ही या टेबलावरची खरी कसोटी. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक लाइन्सनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. युरोपचा प्रवास कितीतरी दिवसांनी लांबला. अशा वेळी खरेदीदाराला "काही कारणास्तव विलंब होत आहे" असं लिहिणं म्हणजे त्याला अंधारात ठेवणं. मेलची पहिली ओळ अशी हवी: जहाज मार्ग बदलून जात आहे, पोचण्याची नवी तारीख ही. मग कोणते कंटेनर, त्यात कोणता माल. मग आपण काय करतोय. आणि शेवटी, पुढची बातमी कोणत्या दिवशी देणार. त्या दिवशी नवीन काही कळलेलं नसलं तरी मेल जायलाच हवा. खरेदीदाराला पुढे सुपरमार्केटला उत्तर द्यायचं असतं, गप्प बसलेल्या पुरवठादारावर त्याचा विश्वास उरत नाही.

माल पोचल्यावर क्वालिटी क्लेमचा, म्हणजे माल खराब निघाल्याच्या तक्रारीचा, मेल आला, तर त्याच मिनिटाला आपली बाजू मांडायला बसू नका. तासाभरात मेल मिळाल्याचं कळवा आणि हवं ते मागा: पॅलेट नंबर दिसतील असे फोटो, कंटेनरमधल्या तापमान रेकॉर्डरचा डेटा, तपासणीचा अहवाल. या मेलमध्ये चूक कोणाची यावर एक शब्दही नको. कागद हाती आल्यावर साहेबांशी बोलून ते ठरतं.

काही बारीक गोष्टी. पत्ता सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे अर्धा मेल चुकून जाणार नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल ३० सेकंदांपर्यंत मागे घेता येतो, ते सेटिंग पहिल्याच दिवशी करून घ्या. अनेक ट्रान्सपोर्टरना एकदम भाव विचारताना सगळे पत्ते बीसीसीत टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसणार नाहीत. ड्राइव्हची लिंक पाठवलीत तर परवानगी दिली आहे का ते बघा. चॅटवर नुसतं "हाय सर" पाठवून उत्तराची वाट बघू नका, त्याच मेसेजमध्ये कामही लिहा. सरकारी कार्यालयाला मराठीत लिहायचं असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फॉन्टमधला मजकूर त्यांच्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखा उमटू शकतो.

हल्ली मुलं एआयकडून मेल लिहून घेतात. व्याकरण सुधारायला जरूर वापरा. पण मजकूर लांबतो, नम्रतेची वाक्यं वाढतात आणि मागणी तिसऱ्या परिच्छेदात जाते, ती उचलून वर आणा. प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून बघा. खरेदीदाराचं नाव आणि भाव त्यात टाकण्याआधी कंपनीला विचारा.

सरावासाठी सोपा उपाय रोजचं वर्तमानपत्र. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. तिथे बसा किंवा घरी, पण बातमीचा फक्त पहिला परिच्छेद वाचा आणि काय, कुठे, कधी, कोणाला, हे त्यात कसं बसवलंय ते बघा. मग आपला कालचा एखादा मेल उघडून त्याची पहिली ओळ तशी पुन्हा लिहा.

आणि नोकरीसाठी अर्ज करणार असाल, तर तुमचा मेल हेच पहिलं काम म्हणून बघितलं जातं. विषयात पदाचं नाव आणि स्वतःचं नाव लिहा. पहिल्या दोन ओळींत शिक्षण, गाव आणि कधीपासून रुजू होऊ शकता ते. घरची बाग असेल आणि छाटणीपासून काढणीपर्यंत तुम्ही काम केलं असेल, तर ते नक्की लिहा. बरेच जण संकोचाने गाळतात, पण आमच्यासाठी तो अनुभव मोलाचा असतो. बायोडाटा पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं पूर्ण नाव, आणि खाली फोन नंबर, जो सीझनमध्ये सकाळी ७ लाही लागेल असा.