पोरांना अण्वस्त्रं आणि एनपीटी (अण्वस्त्रांचा प्रसार रोखायचा करार) कसं शिकवायचं, चार शनिवारात

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाला नववी-दहावीची नाहीतर पीयूसीची (अकरावी-बारावीची) पोरं घेऊन ह्या विषयावर बसायचं असेल तर मी कसं बसवतो ते सांगतो. पहिल्या वर्षी मी थेट स्फोटाचा व्हिडिओ लावला, पोरं "भारी!" म्हणाली आणि विषय तिथंच मेला. आता व्हिडिओ लावतच नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, सुटल्यावर दीड तास पुरतो, आणि महिना डिसेंबरचाच धरा, का ते शेवटी सांगतो.

पहिला शनिवार फक्त माणसांचा. ६ ऑगस्ट १९४५ हिरोशिमा, ९ ऑगस्ट नागासाकी, वर्ष संपेपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार आणि ७० हजार माणसं गेली. हे आकडे फळ्यावर लिहून पुढं जाऊ नका, मोठा आकडा पोरांच्या डोक्यावरून जातो. आपल्या गावाची लोकसंख्या पंचायतीतनं विचारून आणायला सांगा आणि अशी किती गावं होतात ते त्यांनाच मोजू द्या, मोजता मोजता वर्ग आपोआप गप्प होतोय. वाचलेल्यांना जपानीत हिबाकुशा म्हणतात, त्यांच्या निहोन हिदानक्यो संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं, म्हणजे ही गोष्ट अजून हयात असलेल्या माणसांची आहे हे नक्की सांगा.

दुसऱ्या शनिवारी घरातनं जोंधळे आणि मूग मागवा. जोंधळ्याचे ९९३ दाणे आणि मुगाचे ७, हे झालं खाणीतनं निघालेलं युरेनियम, मूग म्हणजे युरेनियम-२३५, भट्टीला आणि बॉम्बला लागतो तो प्रकार. जगातल्या बहुतेक अणुभट्ट्यांना हजारात ३० ते ५० मूग लागतात, बॉम्बला ९०० च्या आसपास. वीज आणि बॉम्ब एकाच रस्त्यावर आहेत हे इथं हाताला कळतं, आणि व्हिएन्नाच्या आयएईएचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे, इन्स्पेक्टर देशोदेशी जाऊन काय मोजतात तेही. मग आपल्या शेजारच्या कारवार जिल्ह्यातलं कैगा अणुवीज केंद्र घ्या, २२० मेगावॅटची चार युनिटं, ती जड पाण्यावर चालतात म्हणून तिथं मूग न वाढवलेलं, खाणीतलं युरेनियमच चालतं, पण जळालेल्या इंधनात प्लुटोनियम तयार होतंच, आणि त्याचाही बॉम्ब होतो. २००६ च्या योजनेत भारतानं २२ पैकी १४ भट्ट्या आयएईएच्या तपासणीखाली द्यायचं ठरवलं, कैगा त्यात नाही. का नसेल? उत्तर तुम्ही देऊ नका, आठवडाभर विचार करू दे.

तिसरा शनिवार कराराचा, कोरडा वाटेल पण चुकवू नका. एनपीटी १९६८ ला सहीला आला, ५ मार्च १९७० पासून लागू. सौदा असा की ज्यांच्याकडे बॉम्ब नाही त्यांनी करायचा नाही, बदल्यात शांततेच्या कामाला अणुतंत्रज्ञान मिळणार, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी नि:शस्त्रीकरणासाठी प्रामाणिक वाटाघाटी करायच्या. १ जानेवारी १९६७ च्या आधी स्फोट केला तेच अण्वस्त्रधारी, असे पाच. इथं कुणीतरी विचारणारच, मग आपण सही का नाही केली? सांगा की १९५४ ला नेहरूंनीच चाचण्या थांबवा म्हटलं होतं, पण ही तारखेची रेघ भेदभाव करते असं भारताचं म्हणणं, आणि पोखरण झालं १९७४ ला, म्हणजे सही करायची तर बॉम्ब सोडूनच करावी लागेल. लगेच कराराची बाजूही सांगा, १९६३ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना पुढच्या दशकात १५-२० देशांकडे बॉम्ब असतील अशी भीती होती, आज ९ देशांकडे आहे. पोखरणचा अभिमान पोरांच्या मनात असणार, अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा कर्नाटकचे, अनिल काकोडकर आपले मराठी, त्या अभिमानाला हात लावू नका, फक्त त्याच्या शेजारी पहिल्या शनिवारचा आकडा ठेवा.

चौथ्या शनिवारी परिषद, आणि ह्यासाठीच बाकी सगळं. देशांच्या चिठ्ठ्या करा, अमेरिका, रशिया, भारत, पाकिस्तान, जपान, उत्तर कोरिया, कझाकस्तान, आणि दक्षिण आफ्रिका हवीच कारण त्यांनी सहा बॉम्ब बनवून स्वतःच मोडले आणि १९९१ ला एनपीटीत आले. चिठ्ठी बदलून द्यायची नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, त्यामुळे वर्गात फौजीची पोरं असतातच, त्यातल्या एखाद्याला पाकिस्तान आलं तर त्यानं पाकिस्तानच मांडायचं. नियम एकच, उत्तर द्यायच्या आधी समोरचा काय म्हणाला ते आपल्या शब्दात सांगायचं आणि तो "हो, हेच म्हणालो" म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही. सीमाभागातल्या पोरांना हे लवकर जमतं असा माझा अनुभव आहे, एका वादाच्या दोन बाजू ती घरात आणि बाजारात लहानपणापासून ऐकतात. कन्नड मीडियमची पोरं आली तर अजून चांगलं, अण्वस्त्र हा शब्द तिकडंही तोच आहे.

आता डिसेंबरचं कारण. भारत-पाकिस्तानात एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला आणि १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोघं आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. भांडण कितीही पेटलेलं असलं तरी. छोटी बातमी असते, आतल्या पानावर. परिषद संपल्यावर पोरांना एवढंच काम द्या की २ जानेवारीच्या पेपरात ती शोधून कात्रण घेऊन यायचं.